२२ इंची बास ड्रमचं जुनं शेल: प्रकल्प नोंदी, फोंडा, गोवा

३ ऑक्टोबर

सासष्टीतल्या एका तियात्र (कोकणी संगीत नाटक) बँडचा बास ड्रम आज कार्यशाळेत आला. माप २२ बाय १४ इंच. डिसेंबरात फेस्तांचे (चर्चच्या सणांचे) तियात्र सुरू होतात, त्याआधी तो दुरुस्त करून, नवा रंग देऊन परत द्यायचा आहे. दोन महिने हातात आहेत. लाकूड कोरडं असतं तर तीन आठवडे पुरले असते, पण हा ड्रम सगळा पावसाळा मंचामागच्या खोलीत पडून होता.

बॅज गेलाय, फक्त हवेचं भोक उरलंय. कंपनी कोणती याच्या मागे लागत नाही, कारण रंगकामाला शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी खोडाची, बांधणी कळली तरी पुरते. पखवाजाचं खोड एकाच ओंडक्याचं असतं. हे शेल तीन पदरी प्लायचं आहे, जाडी साधारण ६ मिमी, दोन्ही काठांना आतून आधाराची लाकडी कडी. बाहेर हिरवट चमकीचा प्लास्टिकचा रॅप आहे, सांध्याजवळ सुटलेला आणि दोन ठिकाणी तडकलेला.

खोलण्याआधी चार दिशांनी व्यास मोजला. सर्वांत जास्त ५५७, सर्वांत कमी ५५३.५ मिमी, म्हणजे साडेतीन मिमीची लंबगोलाई. इतक्या मोठ्या शेलला दोन मिमीपर्यंत हेड (ठोका पडतो तो पडदा) सहज सामावून घेतं. साडेतीनला ते एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल बसतं. शेल कुठे तरी उघडलंय असा संशय आहे.

४ ऑक्टोबर

सगळे भाग उतरवले. १६ लग (शेलवरचे धातूचे ठोकळे, ज्यांत रॉड आवळतात), १६ क्लॉ (हूपला धरणारे आकडे), १६ टेन्शन रॉड (हेड ताणणारे लांब स्क्रू), दोन पाय, दोन लाकडी हूप (हेड दाबून धरणाऱ्या कड्या). प्रत्येक लगची जागा मास्किंग टेपवर लिहून लग त्याच क्रमाने ट्रेमध्ये ठेवला. जुन्या ड्रमची भोकं हाताने पाडलेली असतात, अर्ध्या मिमीचा फरक हमखास असतो. क्रम चुकला तर शेवटी स्क्रू तिरका जातो आणि नव्या रंगाची कपची उडते.

चार रॉड गंजून अडकले होते. पान्याने जोर न लावता लग रॉडसकट रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, उद्या संध्याकाळपर्यंत सुटावेत. दोन रॉडचे आटे आधीच गेलेत. बदली रॉड घेताना एक चूक फार जण करतात. हार्डवेअरच्या दुकानात ६ मिमीचा मेट्रिक बोल्ट मिळतो आणि नजरेला तो तसाच दिसतो. ड्रमचा रॉड साडेपाच मिमीच्या आसपास असतो आणि त्याला इंचाला २४ आटे असतात. मेट्रिक बोल्ट जोर करून घुसवला की लगमधली पितळी नट कायमची जाते. रॉड वाद्यांच्या दुकानातूनच मागवले.

६ ऑक्टोबर

रॅप काढण्याचा दिवस. हीट गन हातात घेण्याआधी रॅप कशाचा आहे ते पाहणं अत्यंत गरजेचं आहे. जुने रॅप दोन प्रकारचे असतात, सेल्युलॉइड आणि पीव्हीसी. सांध्याच्या आतल्या बाजूचा नखाएवढा तुकडा कापला आणि कापडावर जोरात घासला. कापराचा स्पष्ट वास आला. सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात, म्हणून हा वास येतो. खात्रीसाठी तुकडा अंगणात विटेवर ठेवून लांब काडीने पेटवला, तर क्षणात भडकून संपला. पीव्हीसी असता तर काळा धूर सोडत वितळला असता आणि ज्योत काढताच विझला असता.

म्हणजे हीट गन पूर्ण बंद. सेल्युलॉइडवर गरम हवा मारणं म्हणजे आग लावणं. पॉलिश पेपरही फिरवायचा नाही, त्याची भुकटीसुद्धा पेट घेते.

काढण्याची रीत अशी: सांध्याच्या वरच्या पट्टीखाली लांबी (पुट्टी) भरायची रुंद पातळ पाती घातली, पाती शेलला जवळजवळ समांतर ठेवली, एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर. रॅप सगळीकडे चिकटवलेला नव्हता, फक्त सांध्याला आणि काठांना गोंद होता, म्हणून मधला भाग सहज सुटला. गोंद होता तिथे पातीच्या टोकाला थोडं ॲसिटोन लावून दोन मिनिटं थांबलो. ॲसिटोन सेल्युलॉइडलाच विरघळवतं, रॅप चिकट होऊन लाकडाला बसतो, त्यामुळे ते ओतायचं नाही, टिपायचं. एकूण चार तास लागले. सगळे तुकडे पाण्याच्या बादलीत, बादली आवारात.

लगच्या खाली उजेड न लागलेल्या जागी रॅपचा रंग शुद्ध निळा निघाला! वरचा पारदर्शक थर वर्षानुवर्षं पिवळा पडत गेला आणि निळ्यावर पिवळा बसून हिरवा झाला. मूळ रंग निळा, हे आता नक्की. तरीही निळा द्यायचा नाही असं ठरवलं. याच संचाचे तीन टॉम (छोटे ड्रम) अजून जुन्याच रॅपमध्ये आहेत आणि ते हिरवेच दिसतात. मंचावर चारही शेजारी उभे राहणार, म्हणून रंग उन्हाने बदललेल्या बाजूला जुळवायचा. त्या बाजूचा तळहाताएवढा तुकडा नमुना म्हणून पाकिटात घालून बादलीजवळच आवारात ठेवला.

८ ऑक्टोबर

उघड्या लाकडाचा ओलावा आठ ठिकाणी मोजला: १६.५ ते १८ टक्के. खोलीतली आर्द्रता सकाळी ८८. हवेत ८० टक्के आर्द्रता टिकून राहिली की लाकूड साधारण १६ टक्क्यांवर स्थिरावतं, ६५ टक्क्यांत बारावर. हे आकडे गोव्यात भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. सतरा टक्के ओलाव्यावर रंग दिला तर जानेवारीत लाकूड आकसतं, रंगाचा कडक थर आकसत नाही आणि सांध्यावर बारीक रेघ उमटते. लांबी भरलेल्या जागाही खोल बसतात.

शेल दोन बांबूंवर आडवं ठेवलं, म्हणजे आतून-बाहेरून सारखी हवा लागेल. पंखा भिंतीकडे तोंड करून लावला, थेट शेलवर झोत नाही. ऊन अजिबात दाखवायचं नाही. घुमट या मातीच्या वाद्याचं कातडं सैल पडलं की त्याला ऊन किंवा धग दाखवतात, ती कातड्याची गोष्ट आहे. प्लायचा वरचा पदर उन्हात आधी सुकतो, आतला ओलाच राहतो आणि पदर एकमेकांपासून सुटतात.

साडेतीन मिमीचं कारणही सापडलं. बाहेरच्या पदराचा तिरका सांधा ७ सेंटीमीटर उघडलाय, फट जास्तीत जास्त एक मिमी. आतल्या कडीचाही एक तुकडा सुटलेला आहे. ओलं असताना चिकटवायचं नाही.

१९ ऑक्टोबर

ओलावा १३ टक्के. मधल्या दिवसांत परतीचा पाऊस दोनदा येऊन गेला, त्या दिवशी आकडा हललाच नाही. बाकी दिवशी रोज साधारण अर्धा टक्का उतरला. आता पुढे जायला हरकत नाही.

२० ऑक्टोबर

सांध्याचं काम. फटीतला जुना सुकलेला गोंद हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खरवडून बाहेर काढला. हे न करता नवा गोंद ओतणं व्यर्थ आहे, तो जुन्या गोंदावर बसतो, लाकडात जात नाही. फेविकॉल मरीन पाण्याने जेमतेम दहा टक्के पातळ करून जाड सुईच्या सिरिंजने आत सोडलं. पाती फटीत हलवत राहिलो, गोंद दुसऱ्या टोकाने बाहेर आला तेव्हा थांबलो. वर मेणकागद, त्यावर वाकवलेल्या प्लायची पट्टी, बाहेरून ट्रकच्या रॅचेट पट्ट्याने आवळलं. आतून दोन लाकडी आधार काटकोनात बसवले, मोठा व्यास दाबला जाईल आणि छोटा ढकलला जाईल असे. सुटलेली कडी सहा क्लॅम्पनी दाबली. चोवीस तास हात लावायचा नाही.

२२ ऑक्टोबर

रॅप नसताना व्यास सर्वांत जास्त ५५५, सर्वांत कमी ५५३.५. लंबगोलाई दीड मिमीवर आली. समाधानकारक.

आज भोकं. कुणीतरी पूर्वी बसवलेल्या ब्रॅकेटची चार भोकं आहेत, प्रत्येक ६ मिमी. लांबी भरून मोकळं व्हावं असं वाटतं, पण ३ मिमीपेक्षा खोल भोकात पॉलिएस्टर लांबी हळूहळू बसते आणि ड्रमच्या हादऱ्याने कडेने सुटते. म्हणून लाकडी गुटका. त्यातही गोल दांडीचा तुकडा वापरत नाही. दांडीचं तोंड म्हणजे लाकडाचा आडवा छेद, तो पावसाळ्यात भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि एका पावसाळ्यात रंगावर गोल वळ उमटतो. प्लग कटरने फळीच्या पृष्ठभागातून गुटके काढले, त्यांची रेषा शेलच्या रेषेला जुळवून बसवले. गोंद सुकल्यावर पटाशीने समतल.

२५ आणि २६ ऑक्टोबर

बेअरिंग एज, म्हणजे हेड टेकतं तो शेलचा काठ. रंगकामाच्या नोंदीत ही कशाला, असं वाटू शकेल. पण एज रंगानंतर दुरुस्त करायला गेलं की काठाचा रंग कपच्यांनी उडतो, म्हणून क्रम हाच.

दोन फुटी ग्रॅनाइटची लादी आडवी मांडली, आधी स्टीलच्या पट्टीने तपासली. शेल त्यावर ठेवून आत टॉर्च लावला, खोली अंधारी केली. मागच्या बाजूला एके ठिकाणी उजेडाची लांब फट, फीलर गेजने ०.८ मिमी. पुढच्या बाजूला ०.३.

लादीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, एजवर सगळीकडे पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या. शेल दोन्ही हातांनी वरून न दाबता, फक्त त्याच्या वजनाने गोल फिरवायचं, दर दहा फेऱ्यांनी शेलची जागा पाव वळण बदलायची. जागा बदलली नाही तर हाताच्या सवयीने एकच बाजू जास्त घासली जाते. रेघा सगळीकडून पुसल्या तेव्हा फट ०.१ च्या आत आली होती. मग १२० आणि १८०.

या घासण्याने एजचं माथं रुंद झालं, जवळजवळ ५ मिमी सपाट. आतल्या बाजूने ४५ अंशांच्या ठोकळ्यावर पेपर लावून उतार परत आणला, माथा २ मिमीवर. बाहेरची बाजू जुन्या घडणीप्रमाणे किंचित गोल. दीड दिवस लागला. राउटरने अर्ध्या तासात होतं, पण जुन्या प्लायचा काठ राउटरच्या पात्याला उचकटतो आणि मग कडीपर्यंत तुकडा जातो.

२९ ऑक्टोबर

बाहेरून १२०, मग १८० नंबर. त्याहून बारीक जात नाही, सीलरला पकड हवी. धूळ ब्रशने आणि मग थिनरच्या फडक्याने.

रंगाचा हिशेब: १.७४ मीटर घेर, ०.३५५ मीटर उंची, म्हणजे क्षेत्रफळ ०.६२ चौरस मीटर. शंभर मायक्रॉनचा ओला हात म्हणजे शेलवर ६२ मिली. स्प्रे गनमधून निम्मा माल हवेत जातो असं धरून एका हाताला सव्वाशे मिली तयार मिश्रण लागतं. याहून जास्त मिसळायचं नाही, दोन घटकी पीयू (पॉलियुरेथेन) उरलं की डब्यातच दगड होतं.

दोन घटकी पीयू सीलरचे दोन हात बाहेरून. आतून एकच, अर्धा पातळ केलेला. आतून काहीच न लावणं हीच जुनी रीत आहे आणि कोरड्या हवेत ती योग्यच. इथे मात्र बाहेरून बंद आणि आतून उघडं शेल पावसाळ्यात एकाच बाजूने पाणी पितं आणि वाकतं. जाड थर दिला तर आवाज टणक होतो, म्हणून एकच पातळ हात.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला कापडी किंवा धुळीचा मास्क काही उपयोगाचा नाही. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि आरपार वारा, याशिवाय गन हातात घ्यायची नाही.

३० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर

दिवाळी. काम बंद.

५ नोव्हेंबर

सीलर ३२० ने घासला. सांध्यावर आणि गुटक्यांवर पॉलिएस्टर लांबी, दोन पातळ थर. हार्डनर दोन टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर त्याचा डाग वरच्या रंगातून पिवळसर उमटतो. लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासलं. नुसत्या बोटांनी घासलं की गोल पृष्ठभागावर खळगे पडतात आणि चमकीच्या रंगात ते लगेच दिसतात.

७ नोव्हेंबर

पीयू अस्तर, १.७ मिमी नोझल, दोन हात. शेल आडव्या पाइपवर, दोन्ही तोंडांना प्लायच्या चकत्या, हाताने सावकाश फिरवायचं. उभं ठेवून मारलं तर खालच्या काठाला रंग ओघळतो. एजवर मास्किंग टेप, तिच्यावर रंगाचा थेंबही नको.

अस्तरावर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा आणि ४०० चा वॉटर पेपर. काळं जिथे उरतं तिथे खळगा, जिथे आधी जातं तिथे उंचवटा. तीन खळगे सापडले, भरले.

११ नोव्हेंबर

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून नमुन्याला जुळवलेला हिरवा मेटॅलिक, अर्धा लिटर. जुळणी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मान्य करायची नाही. पुठ्ठ्यावर मारून उन्हात आणि पिवळ्या बल्बखाली, दोन्हीकडे पाहिली. पहिली जुळणी उन्हात बरोबर आणि बल्बखाली करडी दिसत होती. दुकानदाराने थोडा पिवळा वाढवून दिला.

दुपारी १२, तापमान ३२, आर्द्रता ५८. नोझल १.३, गनजवळ दाब ३० पाउंड. दोन हात, मध्ये पंधरा मिनिटं. नंतर तिसरा फक्त धुक्यासारखा, गन फूटभर लांब धरून. मेटॅलिक ओलं पडलं की चमकीचे कण वाहतात आणि ढगांसारखे पट्टे येतात. हा कोरडा शेवटचा हात कण सारखे पसरवतो. रंग उत्तम बसला.

त्याच दिवशी चारला क्लिअरचा (वरच्या पारदर्शक पीयूचा) पहिला हात, साडेपाचला दुसरा.

१२ नोव्हेंबर

दुसऱ्या हातात सुईच्या टोकाएवढी छिद्रं. शेलच्या साधारण निम्म्या भागावर, आणि त्या पट्ट्याची सुरुवात स्पष्ट दिसते. पहिल्यांदा हवेला दोष दिला, संध्याकाळी आर्द्रता ७६ पर्यंत चढली होती. पण हवा सगळ्या शेलला सारखीच लागते, मग निम्मा भाग स्वच्छ कसा? उत्तर कॉम्प्रेसरमध्ये होतं. टाकीचा तळ उघडला तर पेलाभर पाणी. दिवसभर चालून टाकी तापली, पाणी वाफ होऊन नळीत गेलं, गाळणीचा कप भरला आणि मध्यावर पाणी गनमधून यायला लागलं. पीयूचा हार्डनर पाण्याशी मिळाला की कार्बन डायॉक्साइड सुटतो, तेच बुडबुडे.

आता नियम लिहून भिंतीला लावलाय: प्रत्येक हाताच्या आधी टाकीचं पाणी सोडायचं, गाळणीचा कप बघायचा, आणि क्लिअर दुपारी ११ ते ३ मध्येच.

१५ नोव्हेंबर

६०० च्या वॉटर पेपरने क्लिअर उतरवला. छिद्रांत घासण्याचा पांढरा गाळ बसतो आणि वर नवा हात दिला की पांढरे ठिपके कायम राहतात, म्हणून मऊ ब्रशने पुन्हा पुन्हा धुतलं. दोन जागी पेपर रंगापर्यंत पोचला. मेटॅलिकला तेवढ्यापुरता डाग लावता येत नाही, कडा दिसतेच. अर्धा लिटरमधला उरलेला रंग इथे कामी आला, पूर्ण शेलला पुन्हा हिरवा.

१७ नोव्हेंबर

दुपारी १२ ला आर्द्रता ५५. टाकी रिकामी, गाळणी कोरडी. क्लिअरचे तीन हात, मध्ये वीस मिनिटं. एकही छिद्र नाही.

१८ ते २४ नोव्हेंबर

शेलला आराम. या दिवसांत हूप आणि धातू. हूपना काळा पीयू, आतल्या बाजूला रंग नाही, तिथे हेडची कडी घासते.

क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाने, पाण्यात भिजवून हलक्या हाताने. कागद क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत. खाऱ्या हवेने जिथे क्रोमखालचं लोखंड खाल्लंय तिथे खड्डे राहणारच. तिथे गंज थांबवायला मेण चोळलं. व्हिनेगरमध्ये बुडवायचं नाही, उरलेलं प्लेटिंगही उचलतं. लगच्या आतल्या स्प्रिंगभोवती कापूस भरला, नाहीतर मोठ्या ठोक्याला त्या झणझणतात.

२५ नोव्हेंबर

१०००, १५००, २००० चा वॉटर पेपर, पाण्यात दोन थेंब साबण. मग रबिंग कंपाउंड, मशीन नाही, हाताने. काठाजवळ क्लिअर पातळ असतो, तिथे मशीनने क्षणात रंग निघतो.

एजवरची टेप काढण्याआधी टेपच्या रेषेवर धारदार पात्याने खाच पाडली, मग टेप बाहेरच्या दिशेला ओढली. उलटी ओढली तर क्लिअरची पापुद्री सोबत येते. एजवर पांढरं मेण घासलं.

३० नोव्हेंबर

जोडणी. प्रत्येक भोकातला साठलेला रंग गोल कानशीने काढला आणि तोंडाला किंचित उतार दिला. या दोन मिनिटांच्या कामाशिवाय स्क्रू आवळताना भोकाभोवती रंग तडकतो. लगखाली काळं रबर लावलेलं नाही, काही रबरं महिन्याभरात रंगावर कायमचा डाग सोडतात. पातळ फायबरचे वॉशर घातले. आतून २० मिमीचे रुंद वॉशर, स्क्रू फक्त हाताच्या पेचकसाने.

रॅप गेल्याने व्यास मिमीभर कमी झालाय, थर मिळून पाव मिमी वाढलाय. हेड आता सगळीकडून सारखं, अडीच मिमीच्या फटीने बसतं. पूर्वी एका बाजूला ते हाताने ढकलावं लागत होतं.

२ डिसेंबर

हेड समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येक रॉड अर्धा फेरा. सुरकुत्या गेल्यावर पाव फेरा जास्त. क्लॉच्या खाली फेल्टची चकती, नाहीतर हूपचा काळा रंग दोन प्रयोगांत जातो. टॉमशेजारी उभा करून उन्हात आणि मंचाच्या पिवळ्या दिव्यात पाहिला: रंग जुळतो, चमकी किंचित बारीक आहे.

बँडला दिलेल्या सूचना: महिनाभर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, सुती चादर घालावी. आठवड्याने लगचे स्क्रू एकदा तपासावेत, नवा थर दबतो आणि ते थोडे सैल पडतात. उरलेला हिरवा ६० मिली, झाकणावर तारीख आणि मिश्रणाचा क्रमांक लिहून ड्रमसोबत दिला.